अक्काच्या पुढं

मोनिकाची शर्यत बघायला आजवर घरातलं कुणी गेलं नव्हतं, आणि त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. तिच्या शर्यतीत बघण्यासारखं असतं तरी काय? एक बाई सायकलवरून एकटीच जाते. मिनिटभरानं दुसरी जाते. मग तिसरी. कोण जिंकतंय ते रस्त्यावर उभं राहून कळत नाही. सगळ्या येऊन पोचल्या, की ज्यांच्या हातात घड्याळ असतं ते पंच सांगतात, तेव्हा कळतं. रेटारेटी नाही, शेवटच्या क्षणाची चुरस नाही. वस्तीवर या प्रकाराला 'घड्याळाची शर्यत' असं नाव पडलं होतं. मोनिकाची तिशी उलटली तरी तिचं लग्न झालं नव्हतं, याचा धागाही शेजारच्या झुंबरबाईंनी तिथंच नेऊन जोडला होता.

"घड्याळासंगंच लगीन लावलंय तुझ्या लेकीनं," त्या मोनिकाच्या आईला, आसराबाईंना म्हणायच्या. "जावई बोलत न्हाई, रुसत न्हाई, जेवायला मागत न्हाई. नुसता टिकटिक करतो. बरंय की!"

आसराबाई हसायच्या नाहीत. मोनिका मात्र हसायची.

परतूरच्या कॉलेजात शिकताना ती पहिल्यांदा सायकलच्या शर्यतीत उतरली, ती घोळक्याची शर्यत होती. कोपराला कोपर लागलं की ती बावरायची, कडेला व्हायची, पार शेवटी पडायची. आणि मग तेवढं सगळं अंतर एकटीनं तोडून पुन्हा घोळक्याला गाठायची. असं तिनं एका शर्यतीत तीनदा केलं. रस्त्याकडेला उभे असलेले प्रशिक्षक तातेराव सर शर्यत संपल्यावर तिच्याकडे आले आणि म्हणाले, "पोरी, तुला माणसं नकोत. तुला नुसता रस्ता पाहिजे."

तो त्यांनी तिला मिळवून दिला. पुढची बारा-तेरा वर्षं मोनिका एकटीच्या शर्यतीत राहिली. राज्याची विजेती ती कितीदा झाली हे आता तिलाच आठवून सांगावं लागे. देशाची तीनदा झाली. त्याच्या बळावर रेल्वेत नोकरी लागली. एकदा परदेशातही जाऊन आली. तिथं ती अकरावी आली होती. परतल्यावर वडिलांनी, आबारावांनी, मेंढरांना पाणी दाखवता दाखवता विचारलं, "समद्या मिळून किती होत्या?"

"चाळीस."

"मंग एकोणतीस मागं राह्यल्या की," आबाराव म्हणाले, आणि त्या गोष्टीचा त्यांच्यापुरता निकाल लागला.

मागच्या उन्हाळ्यात मोनिका घरी आली ती गळ्याजवळचं हाड मोडून. सरावाला निघालेली असताना रानडुक्कर आडवं आलं होतं. रजा टाकून ती वस्तीवर आली आईच्या देखरेखीत राहायला, पण राहिली भावजयीच्या देखरेखीत. धाकट्या भावाचं, गोरक्षनाथचं, लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पायल मंठ्याकडची. बावीस वर्षांची, बोलायला कमी आणि कामाला उरक असलेली. ती मोनिकाची वेणी घालायची, भाकरी कुस्करून ताट समोर ठेवायची, सदऱ्याच्या बाहीतून दुखरा हात असा काढायची की मोनिकाला कळायचंही नाही. "तुम्ही हलू नका अक्का," एवढंच म्हणायची.

हाड जुळलं. मोनिकानं सायकल बाहेर काढली, तर आसराबाई दारात आडव्या उभ्या.

"एकटीनं बिलकुल जायचं न्हाई. पायलला घेऊन जा सोबत."

"आई, मी काय बाजाराला चालले का?"

"तुझी जुनी सायकल पडून हाय की. येईल मागं मागं. पडलीस तर फोन तरी करंल."

अशी पायल सायकलवर बसली. मंठ्याला शाळेत जाताना चालवली होती, तेवढीच तिची ओळख. अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली. वस्तीपासून वाटूर फाट्याकडे जाताना वाटेत मारुतीच्या पारावर आबाराव बसलेले असायचे. पार दिसला की पायल सायकलवरून उतरायची, ओढणी सोडून डोक्यावर घ्यायची, सायकल हातानं ढकलत पारासमोरून न्यायची, आणि पार नजरेआड झाला की पुन्हा ओढणी बांधून वर बसायची. सासऱ्यांसमोरून सायकलवर बसून जाणं तिला जमणारंच नव्हतं. मोनिका पुढं जाऊन थांबायची. पहिले काही दिवस हसू यायचं, मग सवय झाली.

मोनिकाला वाटलं होतं, पोरगी दोन-चार मैलांत थकेल आणि एखाद्या झाडाखाली बसून राहील. पण वळणावर कान देऊन ऐकलं की मागं चाकाचा आवाज असायचाच. वेग वाढवला तरी असायचा. महिना गेला, दोन गेले, तरी तो आवाज तेवढाच, एका सायकलीच्या अंतरावर.

मोनिकानं तिला हवेबद्दल समजावून सांगितलं होतं. संथ चालवताना हवा जाणवत नाही, पण वेग दुप्पट केला की तिचा अडथळा चौपट होतो. सायकलवाल्याची बहुतेक ताकद ही न दिसणारी हवा फोडण्यातच जाते. जो मागं असतो त्याच्यासाठी पुढच्यानं ती आधीच फोडलेली असते.

"म्हंजे पुढच्यानं मार खायचा," पायल म्हणाली.

"हां. म्हणून तर माझ्या शर्यतीत कुणाच्या मागं राहायची परवानगी नसते. ज्याचा त्यानं खायचा."

त्यानंतर कितीदा तरी मोनिका म्हणाली, "आज तू हो बरं पुढं, बघू." प्रत्येक वेळी मागून उत्तर यायचं, "दम लागला अक्का." मोनिकाला ते पटायचं. मागं राहून टिकते, म्हणजे आपल्यापेक्षा जरा कमी, असा तिनं हिशेब धरला होता. कमी असली तरी चांगली होती. खूप चांगली होती.

एकदा विहिरीवर हातपाय धुताना तिनं विचारलं, "पायल, खरं सांग. तुला हे आवडतंय, का आई म्हणती म्हणून येतीस?"

पायल पायावर पाणी ओतत राहिली. मग म्हणाली, "सायकलवर असलं की कानात वारं भरतंय अक्का. दुसरं काईच ऐकू येत न्हाई. लई बरं वाटतंय."

त्या वर्षी राज्याची निवड स्पर्धा त्यांच्याच भागात ठरली, वाटूर फाट्यापासून मंठ्याच्या दिशेनं जाऊन परत. पहिल्या येणाऱ्या दोघी राष्ट्रीय स्पर्धेला आणि त्याआधीच्या शिबिराला जाणार होत्या. जिल्ह्यातून दोन मुली पाठवायच्या होत्या, आणि जिल्ह्यात होत्याच दोघी. मोनिकानं पायलचं नाव दिलं आणि मग घरी सांगितलं.

आसराबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग त्यांनी निकाल दिला. "एकच शर्यत. निवडली तर निवडली. न्हाई तर सायकल भिंतीला, अन् औंदा घरात पाळणा. मला बी नातवंड पाहू द्या की आता."

गोरक्षनाथ म्हणाला, "आई म्हणती ते बराबर हाय," आणि बायकोकडं न बघता गोठ्यात निघून गेला. पायल भाकरी थापत होती. ती थापतच राहिली, पण ती भाकरी इतकी पातळ झाली की तव्यावर टाकताना फाटली. मोनिकानं ते पाहिलं. त्या दिवसापासून या शर्यतीत आपल्याला काय हवं आहे, हे तिचं तिलाच नीट सांगता येईना. पुढच्या वर्षी ती उतरणार नव्हती. गुडघे तसं सांगू लागले होते. आई-वडील पहिल्यांदा आणि शेवटचं बघणार होते. त्यांच्यासमोर एकदा तरी वेगात यावं, असं तिला वाटायचं. आणि पायल दुसरी यावी असंही वाटायचं. दोन्ही जमण्यासारखं होतं. मोनिकाच्या तोडीची नाशिकची प्रीती तेवढी मागं राहायला हवी होती.

शर्यतीच्या सकाळी मंठ्याकडून गार वारं सुटलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी काढणीला आल्या होत्या. आबाराव, आसराबाई आणि झुंबरबाई गोरक्षनाथच्या टेम्पोतून फाट्यावर आले. पायलच्या अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांवरून घरात आधीच एक लढाई होऊन गेली होती. पूर्ण बाह्यांचे आणि घोट्यापर्यंत येणारे कपडे, यावर तह झाला होता.

"आगं बया," झुंबरबाई तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाल्या, "ही सायकल चालवायला चालली, का विहिरीत बुडी मारायला?"

पायल टेम्पोच्या आड सरकली.

कुणी कधी निघायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. प्रीती पहिल्या काहींत निघून गेली. मोनिकाची चिठ्ठी बरीच नंतरची निघाली, आणि तिच्या लगेच मागची पायलची. ते ऐकून पायलचा चेहरा उतरला. तातेराव सर आता पंच झाले होते. ती त्यांच्याकडे गेली.

"सर, मला अक्काच्या आधी सोडा ना. न्हाई तर पार शेवटाला सोडा."

"ही काय लग्नाची पंगत आहे का, जागा बदलून बसायला?" सर म्हणाले. "चिठ्ठी निघाली ती निघाली."

मोनिकाला वाटलं, पोरगी घाबरली आहे. तिनं तिच्या हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. "तुझ्यापुरतं बघायचं. माझं मी बघते. कळलं?"

पायलनं मान हलवली.

मोनिका निघाली. समोरून वारा होता. लांब हँडलवर कोपरं टेकवून, डोकं खांद्यांच्या मध्ये घेऊन ती त्यात शिरली. वारा समोरून असला की घाई करायची नाही, हे तिला वर्षानुवर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं. जेवढी ताकद शेवटपर्यंत पुरेल तेवढीच द्यायची, आणि ती द्यायची मात्र सगळी. श्वास लयीत होता. गुडघे कुरकुरत होते, पण कुरकुरतच काम करत होते. वळसा घ्यायच्या जागी पिंप ठेवलेलं होतं. तिथं उभ्या असलेल्या पोरानं ओरडून सांगितलं, "प्रीतीच्या बराबरीत!"

म्हणजे जमत होतं. आता परतीला वारा पाठीशी असणार होता.

पिंपाला वळसा घालून तिनं सायकल सरळ केली आणि समोर पाहिलं. पायल अजून बरीच लांब, कडुलिंबाच्या रांगेपाशी दिसायला हवी होती. ती तिथं नव्हती. ती अगदी जवळ आली होती, पिंपापासून हाकेच्या अंतरावर, मान खाली घालून, समोरच्या वाऱ्यात. मिनिटभराची तूट जवळजवळ भरून निघाली होती. समोरासमोरून जाताना मोनिकाला तिचा चेहरा दिसला. तोंड मिटलेलं होतं. ती नाकानं श्वास घेत होती.

मोनिकाच्या मनात तेव्हा जे झालं त्याला आनंद म्हणता येणार नाही. तो थोडा उशिरा आला. आधी नुसतं लख्ख कळलं. ही कधी दमलेलीच नव्हती.

थोड्याच वेळात मागं चाकाचा आवाज आला. तोच, ओळखीचा. मोनिका रस्त्याच्या डाव्या कडेला झाली आणि वाट पाहू लागली की आता उजवीकडून पायल निघून जाईल. आवाज उजवीकडं आला नाही. तो मागंच राहिला, एका सायकलीच्या अंतरावर.

"पायल, हो पुढं!"

वारा पाठीशी असल्यानं बोलणं ऐकू जात होतं.

"न्हाई अक्का. तुम्ही चला."

"अगं, माझ्या मागं राहायचं नसतं! दंड लागंल!"

"मंग जल्दी चला की तुम्ही!"

इतक्या कष्टातही मोनिकाला हसू आलं, आणि त्यानं छातीतली लय मोडली. "मला एवढंच येतंय! तू हो पुढं!"

"फाट्यावर आत्याबाई हायत. मामंजी हायत. समदी वस्ती आलीया," मागून आवाज आला; तो आता रडवेला होता. "तुमच्या आधी मी कशी जाऊ त्यांच्या म्होरं? सून आली अन् लेक मागं राह्यली, असं करू व्हय?"

मोनिकानं पाय थांबवले. तिला वाटलं, आपोआप अंतर तुटेल आणि पोरगी पुढं निघेल. पण मागंही पाय थांबले. दोन्ही सायकलींची मागची चाकं किरकिर करत मोकळी फिरू लागली. राज्याच्या निवड स्पर्धेत, भर रस्त्यात, घड्याळ चालू असताना, नणंद-भावजय एकामागं एक नुसत्या घरंगळत चालल्या होत्या.

मागून पंचांची मोटारसायकल आली. तीवर मागं बसलेल्या तातेराव सरांनी शिट्टी मारली. "अंतर ठेवा! दोन नंबरची, अंतर ठेवा!" पायल दचकली, पण पुढं झाली नाही; ती आणखी मागं सरली.

मोनिकाला कळलं, की रागावून उपयोग नाही. रागावणाऱ्या मोठ्या माणसासमोर तर ही पोरगी मुळीच पुढं होणार नाही. आणि तिला, का कोण जाणे, आबा दिसले. उन्हाळ्यात मेंढरं चाऱ्याला दूर न्यायची, तेव्हा ती लहानपणी त्यांच्याबरोबर चालायची. शंभरभर मेंढरं धूळ उडवत पुढं, आणि आबा पार मागं, त्या धुळीत, खोकत. तिनं एकदा विचारलं होतं की तुम्ही पुढं का चालत नाही, पुढं धूळ नसती. आबा म्हणाले होते, "मी पुढं चाललो अन् एखादं कोकरू मागं बसलं, तर मला कसं कळंल?"

"पायल," ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "मेंढरं निघाली की आबा कुठं असतेत?"

मागच्या चाकाची किरकिर जरा जवळ आली.

"मागं."

"का बरं? मेंढरांपेक्षा धाकटे हायत का ते?"

मागून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आपल्यात राखणारं माणूस मागं असतंय. सहा महिने तू मला राखलंस. वेणी घातलीस, मागं मागं आलीस. आता माझी पाळी. मला मागं राहू दे. आबांना काय सांगायचं ते मी सांगते. हो पुढं, बाई माझी."

आणि मग उजवीकडून चाक आलं. आधी चाक, मग हात, मग खाली घातलेलं हेल्मेट. पायलनं नियमाप्रमाणं भरपूर अंतर सोडलं होतं, रस्त्याच्या पार मध्यापर्यंत. बरोबरीला आल्यावर तिनं मान न वळवता म्हटलं, "येते अक्का." घरातून निघताना म्हणतात तसं.

"ये," मोनिका म्हणाली.

पायलनं पायडलचे पहिले काही फेरे उभं राहून मारले, मग खाली बसली, कोपरं टेकवली, आणि गेली.

मोनिकाही पुन्हा वेगाला लागली, पण डोळे समोर होते. इतक्या महिन्यांत तिनं पायलला सायकल चालवताना मागून कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कशी? ती कायम मागं. आता ती पाठ तिच्यासमोर होती: सपाट, तुरीच्या ओळीसारखी सरळ, तिच्यावर पाण्याचा पेला ठेवला तरी सांडला नसता अशी. कंबर डोलत नव्हती. सगळी हालचाल कमरेच्या खाली होती आणि ती कुठंही अडखळत नव्हती. एवढा एक डावा गुडघा, वर येताना किंचित बाहेर पडत होता. तेवढंच. बाकी त्या चालवण्यात काही दुरुस्त करण्यासारखं मोनिकाला दिसलं नाही. असं चालवणारं माणूस तिनं परदेशात पाहिलं होतं, आणि आता वाटूरच्या रस्त्यावर पाहत होती.

आनंद तेव्हा झाला. पायातली ताकद ओसरत होती, गेलेले क्षण परत येणार नव्हते, प्रीतीची बरोबरी हातची गेली हे तिला कळत होतं, वाईटही वाटत होतं. तरी पाठ लहान होत होत ठिपक्याएवढी झाली, तोवर तिनं नजर काढली नाही.

फाट्यावर ती पोचली तेव्हा आसराबाई रस्त्यातच उभ्या होत्या. दोन माणसांनी त्यांना बाजूला ओढलं, पण मोनिकाची सायकल थांबताच त्या धावत आल्या आणि त्यांनी पहिल्यांदा तिचा खांदा चाचपला.

"पडलीस का?"

"न्हाई गं."

"मंग ही आधी कशी आली? तू तर आधी निघाल्ती."

"ती माझ्यापेक्षा जोरात चालवती म्हणून."

आसराबाईंनी वळून पाहिलं. पायल टेम्पोच्या चाकाला टेकून खाली बसली होती. घामेजलेल्या कपड्यांवर तिनं ओढणी ओढून घेतली होती आणि डोकं गुडघ्यांत घातलं होतं. आबाराव तिच्यापासून जरा अंतरावर पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. सुनेच्या हातात थेट कसा द्यावा, या पेचात. शेवटी त्यांनी तो खाली तिच्याजवळ ठेवला आणि पाठ फिरवली.

"आसरे," झुंबरबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "सुनेनं लेकीला मागं टाकलं की गं!"

 पायलचे खांदे आणखी आवळले.

"टाकंल न्हाई तर काय करंल?" आसराबाई कडाडल्या. "सकाळ-सांज माझ्या म्हशीचं दूध पिती ती. तुझ्या सुनेला पाज जरा. दिवसभर मोबाइल घेऊन बसलेली असती."

झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला. गोरक्षनाथ टेम्पोच्या पलीकडून हसला, आणि मग आपण हसलो हे कुणी पाहिलं का, म्हणून इकडंतिकडं बघू लागला.

सगळ्या येऊन पोचल्यावर तातेराव सरांनी निकाल वाचला. प्रीती पहिली. दंडाचे सेकंद धरूनही पायल दुसरी. मोनिका तिसरी. वाचून झाल्यावर ते मोनिकाकडं आले. त्यांना तिचा राग आला होता, आणि तो कसा दाखवावा हे कळत नव्हतं.

"थोडक्यात गेली तुझी जागा. अगदी थोडक्यात. रस्त्यावर एवढं काय बोलत होतात दोघी?"

"घरचंच," मोनिका म्हणाली.

सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग टेम्पोकडं पाहिलं. "लेखी द्यावं लागलं मला ते दंडाचं," ते म्हणाले.

"द्यायलाच पाहिजे, सर."

टेम्पोजवळ आसराबाई पायलच्या समोर उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी तांब्या उचलून तिच्या हातात दिला.

"ते शिबिर का काय म्हणतेत, ते कुठं असतंय?"

पायलनं घाबरून मोनिकाकडं बघितलं. मोनिका बुटांचे पट्टे सोडत होती. 

"लांब असतंय," पायल म्हणाली. "डोंगराकडं."

"थंडी असती का तिथं?"

"असंल, आत्याबाई."

"मंग स्वेटर लागंल. तुझा तो निळा पार विरला." आसराबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "पाळणा काय, पुढच्या साली बी हलवता येतो." आणि नवऱ्यावर खेकसल्या, "तुमी काय बघून राह्यलात? चला, मेंढरं एकटी हायत."

त्या टेम्पोत चढायला गेल्या. मोनिका अनवाणी येऊन पायलच्या शेजारी जमिनीवर बसली. दोघींनी तांब्यातलं पाणी आळीपाळीनं प्यायलं. पायलच्या ओठावर अजून रडू होतं, पण ते कशाचं हे तिलाही सांगता आलं नसतं.

"अक्का, तुमची जागा गेली."

"हं. गेली." मोनिकानं ते नाकारलं नाही. मग ती म्हणाली, "तुझा डावा गुडघा बाहेर पडतोय."

"आं?"

"वर येताना. थोडाच. पण लांबच्या अंतराला दुखंल पुढं जाऊन. बैठक जराशी मागं घेऊ, मंग येईल बराबर."

पायलनं पाय लांब केला आणि स्वतःच्या गुडघ्याकडं असं बघितलं, जणू तो आत्ताच कुणी आणून दिला होता. "इतके दिवस तुम्ही बोलला न्हाईत कधी."

"इतके दिवस दिसला कुठं मला?" मोनिका म्हणाली, आणि तिच्या पोटरीवर बसलेली धूळ हातानं झटकू लागली.